शुगरवाल्या आईची दाढ आणि कर्वे रोडच्या आतल्या गल्लीतलं दातांचं क्लिनिक: साडेचार स्टार

घरात कोणी डायबिटीसवालं असेल आणि दात काढायचाय म्हणून सगळे घाबरून बसले असाल तर हे पूर्ण वाचा, बाकीच्यांनी खाली जाऊन जिना आणि पार्किंगचं तेवढं बघितलं तरी चालेल. पेशंट माझी आई, वय ७१, शुगर वीसेक वर्षांपासून, शुगरच्या गोळ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, बीपी आहे, आणि मध्ये एकदा अँजिओप्लास्टी होऊन हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची नळी) बसलाय त्यामुळे इकोस्प्रिन ७५ रोज, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनची गोळी. खालची डावीकडची दाढ हलत होती, हिरडी सुजलेली, ब्रश लावला की बेसिनमध्ये लाल. तिने हे सगळं आमच्यापासून कितीतरी महिने लपवलं कारण तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं की शुगरवाल्या माणसाचा दात काढला की रक्त थांबत नाही. सदाशिव पेठेतली माझी मावशी याच मताची, फोनवर रोज तेच, "अगं तिला कशाला नेतेस, शुगर आहे तिला, धार लागेल."

आधी आम्ही दुसरीकडे गेलो होतो, नाव घेत नाही. तिथे आईचं तोंड जेमतेम उघडून बघितलं, शुगर आहे म्हटल्यावर तोंड वाकडं केलं आणि सांगितलं की इकोस्प्रिन पाच दिवस बंद करा मग या. हार्टच्या डॉक्टरांना विचारायचं का, तर म्हणे काही गरज नाही. अहो स्टेंट घातलेल्या बाईची ती गोळी अशी वाऱ्यावर बंद करतात का? मी तिथून आईला घेऊन सरळ बाहेर पडले आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीने या क्लिनिकचं नाव दिलं, तिच्या सासऱ्यांचे दात इथेच काढलेत.

तर इथला पहिला अनुभव. डॉक्टर मॅडमनी दुखणाऱ्या दाढेकडे बघितलंच नाही सुरुवातीला. तो छोटा गोल आरसा असतो ना दातांचा, तो आईच्या गालाच्या आतून फिरवला आणि तो गालाला चिकटला. म्हणजे अक्षरशः ओढून काढावा लागला. मग जिभेवर ठेवला, तिथेही तेच. मला म्हणाल्या, "बघितलंत? ओल्या तोंडात हा घसरत जायला पाहिजे." आईच्या जिभेखाली जिथे लाळेचं तळं साचतं तिथे फक्त फेसासारखं पांढरं काहीतरी होतं. मग प्रश्न सुरू. काकू, रात्री पाणी प्यायला उठता का, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरतो का, पोळी कोरडी लागते का, फोनवर बोलताना जीभ टाळ्याला चिकटते का. आई प्रत्येकाला हो म्हणत गेली आणि मी तिच्याकडे बघत राहिले कारण यातलं एकही तिने घरी सांगितलं नव्हतं, तिला वाटायचं वय झालं की असंच होतं.

मग एक भन्नाट प्रकार. आईच्या हातात खुणा केलेला छोटा कप दिला आणि म्हणाल्या पाच मिनिटं काही न गिळता मान खाली घालून जे तोंडात येईल ते यात सोडायचं. आईला इतकं अवघडल्यासारखं झालं, आयुष्यभर आम्हाला थुंकू नका म्हणणारी बाई, पदर तोंडापुढे धरून बसली. पाच मिनिटांनी कपात अर्धा एमएल पण नव्हतं. निरोगी माणसाची लाळ काही न खाता नुसतं बसलं तरी मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ एमएल येते, आणि ०.१ च्या खाली गेली की लाळ खरोखर कमी झालीये असं धरतात. दिवसभरात आपण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतो म्हणे, हे ऐकून मीच उडाले. कानाखाली, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या आहेत आणि हा सगळा कारखाना पाण्यावर आणि नसांवर चालतो. शुगर वाढली की लघवीवाटे पाणी जातं, अंग सुकतं, लाळ कमी. वर्षानुवर्षं शुगर राहिली की ग्रंथींना हुकूम देणाऱ्या बारीक नसा मंदावतात, लाळ अजून कमी. आणि त्यावर गोळ्या. मॅडमनी आईच्या गोळ्यांची सगळी पाकिटं टेबलावर पसरायला लावली, त्यातून तीन बाजूला काढली. एक बीपीची, ज्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं (नावापुढे एच लागलेलं असतं बघा), दुसरी पायांची आग होते म्हणून रात्री घेते ती अ‍ॅमिट्रिप्टिलिन, आणि तिसरी सर्दीची सेटिरिझिन जी आई शेजारच्या मेडिकलमधून स्वतःच आणून घेत होती. तिन्ही तोंड सुकवतात. पण कुठलीही बंद करा असं सांगितलं नाही, आमच्या फिजिशियनना चिठ्ठी लिहून दिली की यातलं काही बदलता येईल का बघा. हे मला फार आवडलं. सेटिरिझिनबद्दल मात्र आईला सरळ झापलं.

आता रक्ताचा भाग, ज्यासाठी मी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला. मी मावशीचंच वाक्य मॅडमना विचारलं की शुगरमुळे रक्त थांबत नाही ना. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या उलट आहे. डायबिटीसमध्ये रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला धावणाऱ्या बारीक पेशी, जास्त चिकट आणि चटकन भडकणाऱ्या होतात, गुठळीचं जाळं ज्यापासून बनतं ते रक्तातलं फायब्रिनोजेन वाढतं, आणि गुठळी विरघळवायची शरीराची जी व्यवस्था आहे तिला आवर घालणारं एक प्रोटीन, पीएआय-१, तेही वाढतं. म्हणजे गुठळी पटकन होते, दाट होते आणि सावकाश विरघळते. हार्ट अटॅक आणि पॅरालिसिस शुगरवाल्यांना जास्त का होतात त्याचं एक कारण हेच, आणि म्हणूनच तर आईला इकोस्प्रिन दिलीये! इतकी वर्षं ती गोळी घरात आहे आणि हे दोन धागे आमच्यापैकी कोणी जोडले नव्हते.

मग बेसिन लाल का होतं? तर ते रक्ताचं नाही, हिरडीचं दुखणं आहे. हिरडी सुजलेली असली की तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, ब्रश लागला की फुटतात. त्यात इकोस्प्रिनमुळे प्लेटलेट एकमेकींना लवकर चिकटत नाहीत म्हणून थोडं जास्त वेळ येतं एवढंच. आणि शुगर आणि हिरड्या हे दोघं एकमेकांना खाली ओढतात. हॅराल्ड लो नावाच्या मोठ्या दंतशास्त्रज्ञाने १९९३ सालीच हिरड्यांच्या आजाराला डायबिटीसचं सहावं कॉम्प्लिकेशन म्हटलं होतं, डोळे, किडनी, नसा, रक्तवाहिन्या, बऱ्या न होणाऱ्या जखमा यांच्या पंगतीत. आपल्याकडे डोळ्यांची तपासणी दरवर्षी करतात, पायाला चिमटे काढून बघतात, तोंड उघडायला कोणी सांगत नाही. आईच्या फाइलमध्ये वीस वर्षांचे कागद आहेत, त्यात दात हा शब्द मला सापडला नाही.

लाळ आणि रक्ताचं नातं तर मला माहीतच नव्हतं. भाजी चिरताना बोट कापलं की आपण पटकन तोंडात घालतो ना, त्याला अर्थ आहे म्हणे. माणसाच्या लाळेत रक्त गोठायची सुरुवात करून देणारं टिश्यू फॅक्टर असतं, पेशींमधून सुटलेल्या अतिसूक्ष्म पुटकुळ्यांवर बसलेलं, आणि २०११ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी हे दाखवून 'ब्लड' या जर्नलमध्ये छापलंय. (म्हणून आता जखम चाटत बसू नका, तोंडात जंतूही भरपूर असतात.) शिवाय लाळेत जखम भरायला मदत करणारी प्रोटीनं असतात, हिस्टॅटिन वगैरे, त्यामुळे तोंडातली जखम हातावरच्या जखमेपेक्षा लवकर आणि कमी व्रण ठेवून भरते. पण याच लाळेत गुठळी विरघळवायला मदत करणारी द्रव्यंही असतात. म्हणजे एकच लाळ गुठळी बांधतेही आणि सोडतेही. म्हणून दात काढल्यावर सारखी चूळ भरली किंवा थुंकत राहिलं की नुकती बसलेली गुठळी हलते. यावरून कोणी असा हिशोब लावू नका की लाळ कमी म्हणजे रक्त थांबणार नाही, तसं नाहीये, जखमेच्या आतल्या पेशींकडे रक्त गोठवायचं सामान पुरेसं असतं. कोरड्या तोंडाचा त्रास वेगळ्या बाजूने येतो, तो आम्हाला त्याच संध्याकाळी समजला, सांगते पुढे.

मॅडमनी आमच्या कार्डिओलॉजिस्टना माझ्यासमोर फोन लावला. त्यांचंही तेच म्हणणं पडलं, इकोस्प्रिन चालूच ठेवायची, एका साध्या दाढेसाठी थांबवायची नाही, रक्त जागेवर दाबून थांबवता येतं. आणि एक गोष्ट मॅडमनी सांगितली ती मला पटली, या गोळीचा परिणाम ज्या प्लेटलेटवर झाला तो ती प्लेटलेट मरेपर्यंत राहतो, म्हणजे सात ते दहा दिवस, त्यामुळे रक्त पूर्ववत व्हायलाही वेळ जातो आणि तेवढ्या काळात स्टेंटला धोका, म्हणजे कमाई कमी आणि जोखीम मोठी. फक्त हे एकट्या इकोस्प्रिनचं झालं हं. कोणाला दोन दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील किंवा वॉर्फरिन असेल तर हिशोब वेगळा, त्यांनी आपापल्या डॉक्टरांनाच विचारायचं.

दाढ काढायचा दिवस. सकाळची वेळ दिली, आणि उपाशी नाही यायचं, नाश्ता करून, नेहमीच्या गोळ्या घेऊन या. मावशी म्हणे ऑपरेशनला उपाशीच जातात. अहो ते पूर्ण भुलीला. इथे फक्त जागेवरचं इंजेक्शन, आणि शुगरवाली बाई गोळी घेऊन उपाशी खुर्चीत बसली तर तिथेच घाम फुटून आडवी होईल. आई उपमा खाऊन गेली. गेल्या गेल्या बोटाला टोचून शुगर बघितली, १६४ आली, म्हणाल्या चालेल, फार वर असती तर आजचं पुढे ढकललं असतं. इंजेक्शन दिलं, ओठ जड झाला की नाही तीनदा विचारलं, दाढ तशी हलतच होती पण एक मूळ वाकडं निघालं म्हणून ते कापून काढावं लागलं. आईचा हात माझ्या हातात होता, तिने एकदाही दाबला नाही, म्हणजे दुखलं नसावं. नंतर खड्ड्यात जिलेटिनचा स्पंजसारखा छोटा तुकडा ठेवला, जो आपोआप विरघळतो, त्यावर टाके घातले आणि गॉजचा घट्ट बोळा चावायला दिला. बाकी क्लिनिकमध्ये एवढं झालं की हातात पिशवी देऊन घरी पाठवतात. यांनी आईला बाहेरच्या सोफ्यावर अर्धा तास बसवून ठेवलं, मग बोळा काढून स्वतः टॉर्चने बघितलं, रक्त थांबलंय याची खात्री केली, नवीन बोळा दिला आणि मग सोडलं. मावशीने सांगितलेली धार काही लागली नाही.

सूचना दिल्या त्या अशा की थुंकायचं नाही, जे येईल ते गिळायचं ("काकू, घाण वाटली तरी गिळा, तुमचंच आहे"), स्ट्रॉने काही ओढायचं नाही, गरम काही नाही, पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाणी, तेही जोरात खळखळायचं नाही, तोंडात धरून मान कलती करून सोडून द्यायचं. आणि एक थेंब रक्त लाळेत मिसळलं की सगळी लाळ लाल दिसते, ती बघून घाबरायचं नाही. सगळ्यांना आइस्क्रीम खा म्हणतात ना दात काढल्यावर, आईला ते नाही. गार ताक, गार दहीभात, पातळ मुगाची खिचडी गार करून. आणि यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली सूचना, जेवण नेहमीइतकं गेलं नाही तर ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते फिजिशियनना विचारूनच घ्या, कारण ती गोळी पोटात अन्न असो नसो शुगर खाली खेचते, आणि दात काढलेली माणसं नेमकी जेवत नाहीत. दुखण्यासाठी पॅरासिटामॉलच दिली, ब्रुफेनसारखं काही घ्यायचं नाही असं बजावलं, इकोस्प्रिन आणि किडनी दोन्हीचा विचार करून.

आता ती संध्याकाळ. चार-पाच वाजेपर्यंत सगळं छान. मग भुलीचा असर पूर्ण उतरला. भुलीच्या इंजेक्शनमध्ये अ‍ॅड्रिनलिन असतं, त्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, तो असर गेला की त्या परत सैल होतात आणि थोडं ओघळतं, हे आम्हाला आधी सांगितलं होतं. पण आईचं तोंड कोरडं. कोरडं तोंड, त्यात रक्ताची चव, त्यात गॉजचे धागे चिकटलेले, तिला राहवेना, मी स्वयंपाकघरात असताना ती बेसिनवर जाऊन दोन-तीनदा चांगली खळखळून चूळ भरून आली. साध्या माणसाला चोवीस तास चूळ न भरणं जमतं हो, ज्याची जीभ टाळ्याला चिकटते त्याला कसं जमावं? थोड्या वेळाने बघितलं तर दाढेच्या जागी काळपट लाल, जेलीसारखा लिबलिबीत गोळा वर आलेला, आजूबाजूने पाझरतंय. मावशी व्हिडिओ कॉलवर होती, तिने रामरक्षा सुरू केली.

क्लिनिकला फोन केला, उचलला (संध्याकाळी सात वाजून गेले होते), मॅडमनी व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाल्या लगेच या. गेलो. तो जेलीसारखा गोळा म्हणजे नीट न बसलेली, कच्ची गुठळी, ती राहिली तर तिच्याखालून पाझरतच राहतं, म्हणून आधी ती पुसून काढली आणि मग नीट दाबलं. बोळा ट्रानेक्सामिक अ‍ॅसिडमध्ये भिजवून दिला. हे औषध गुठळी विरघळू देत नाही, म्हणजे लाळेचं ते सोडवायचं काम थांबवतं. घरी येऊन वाचलं तर कळलं की हे जपानच्या उताको ओकामोतो या बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने शोधलंय, १९६२ साली छापलं, बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरतात त्यासाठी. आमच्या आईच्या दाढेपर्यंत येऊन पोचलं. अर्ध्या-पाऊण तासात सगळं शांत. या दुसऱ्या खेपेचा एक रुपया घेतला नाही. आणि आई चूळ का भरत होती हे विचारून मॅडमनी त्यावर उपायही दिला, ओल्या गॉजने ओठ आणि जीभ पुसत राहायची, बर्फाचा छोटा तुकडा दुसऱ्या बाजूच्या गालात धरायचा, चोखायचा नाही, आणि पाणी घोट घोट, गिळून. रात्री साडेनऊला त्यांचा स्वतःहून फोन, कशा आहेत काकू.

जखम भरायला मात्र वेळ लागला. टाके आठवड्याने काढले तेव्हा माझ्या अंदाजाने खड्डा बुजायला पाहिजे होता, पण शुगरवाल्यांचं थोडं सावकाशच चालतं, खाली हाड भरायला तर कोणालाही महिने लागतात. इन्फेक्शन झालं नाही हे महत्त्वाचं.

टाके काढायच्या वेळी त्यांनी आईची वरची जुनी काढघालीची कवळी काढून टाळा बघितला, तिथे कवळीच्या आकाराचा लालभडक पट्टा. कँडिडा, म्हणजे बुरशी. लाळ कमी आणि जी काही लाळ आहे तिच्यात साखर जास्त, वर रात्रंदिवस कवळी तोंडात, बुरशीला आयतं घरच मिळालं. क्लोट्रिमाझोलचं तोंडात लावायचं औषध दिलं आणि कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची सक्ती केली. आई गेली कित्येक वर्षं कवळीसकट झोपत होती, बाबांसमोर बोळकं दिसायला नको म्हणून. बाबा म्हणाले मला तर चष्म्याशिवाय तू पण दिसत नाहीस.

कोरड्या तोंडासाठी जे दिलं त्यातलं काय चाललं काय नाही ते लिहिते, कारण लोक हेच विचारतात. शुगरफ्री च्युइंग गम चांगलं म्हणे, चावल्याने लाळ सुटते, झायलिटॉलवालं घ्यायचं, पण कवळीवाल्या बाईला च्युइंग गम म्हणजे कवळीच हातात येईल, ते बाद. कृत्रिम लाळेची बाटली मिळते मेडिकलमध्ये, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचं बुळबुळीत पाणी असतं, जेवणाआधी आणि झोपताना तोंडात फिरवायचं. आईने पहिल्यांदा घेतलं आणि म्हणाली "सब्जाच्या पाण्यासारखं लागतंय, बी विसरलेत." पण रात्रीचं उठणं कमी झालं, एवढं खरं. लिंबू चोखू नका, आवळकाठी नको, त्याने लाळ सुटते पण आम्लाने दात झिजतात आणि त्यांना सावरायला लाळच नाही. साखरेचं कोटिंग असलेली रंगीत बडीशेप नको, साधी भाजलेली चालेल. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको, तो अजून सुकवतो. फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश. आणि आमच्या फिजिशियननी त्या चिठ्ठीवरून बीपीची गोळी बदलून दिली आणि रात्रीच्या अ‍ॅमिट्रिप्टिलिनला पर्याय दिला, मला वाटतं जास्त फरक त्याने पडला, बाटलीने कमी.

उरलेल्या दातांच्या हिरड्यांची आतून सफाई पण इथेच करून घेतली, दोन बैठकांत, हे थोडं दुखतं, खोटं कशाला बोलू. त्यानंतर तीन महिन्यांनी आईची एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ८.३ वरून ७.८ वर आली. हिरड्यांवर उपचार केले की तीन-चार महिन्यांत ती सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरते असं २०२२ च्या कोक्रेन आढाव्यात (त्यात बरेच अभ्यास एकत्र करून तपासतात) आहे, म्हणजे आमचा आकडा त्याच्या जवळपास बसतो, पण आईने त्याच काळात दुपारचा चहा-बिस्किटांचा कार्यक्रम पण बंद केला होता त्यामुळे सगळं श्रेय मी क्लिनिकला देणार नाही.

अर्धा स्टार का कापला ते आता. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंग जुनी, लिफ्ट आहे पण आम्ही गेलो त्यातल्या निम्म्या वेळा बंद. शुगरवाल्या, गुडघेवाल्या माणसांचे दात बघणाऱ्या डॉक्टरांनी हे मनावर घ्यायला हवं, सोसायटीशी भांडा पण काहीतरी करा. अपॉइंटमेंट असूनही वाट बघावी लागते, आणि जो पेशंट नाश्ता करून गोळी घेऊन आलाय त्याला ताटकळत ठेवणं बरोबर नाही, मी पर्समध्ये मारी बिस्किटं ठेवली होती म्हणून निभावलं. बिल सर्जिकल धरून चार हजारांच्या वर गेलं, एक्स-रे वेगळा. स्वस्त नाही, पण काय काय करणार ते आधी कागदावर लिहून दिलं होतं आणि त्याच्यापुढे एक पैसा वाढला नाही. फारच ओढाताण असेल तर पुण्यात डेंटल कॉलेजं आहेत की, भारती विद्यापीठाचं आहे, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला आहे, तिथे खर्च कमी येतो, फक्त वेळ काढून जावं लागतं. आणि सूचनांचा कागद निव्वळ इंग्रजीत! तोंडी सगळं मराठीत समजावलं, मग छापताना काय होतं? आईने तो कागद फ्रिजवर लावला आणि वाचला नाही. शेवटी माझ्या मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत टाइप करून दिलं, त्यात पहिली ओळ "आजी चूळ भरू नकोस" अशी मोठ्या अक्षरात. मी तो मेसेज रिसेप्शनला पाठवलाय, म्हणाले छापून घेऊ, बघू.

पार्किंग विसरा. गल्लीत टू-व्हीलर कशीबशी लागते, चारचाकी आणाल तर सगळ्या इमारतींचे वॉचमन तुमच्याशी ओळख करून घेतील. मेट्रोने नळ स्टॉपला उतरून रिक्षा केलेली बरी, चालत पण जवळ आहे पण आईला नाही जमलं.

जाणार असाल तर सकाळची पहिली किंवा दुसरी वेळ मागा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या (नुसती नावं पाठ करून जाऊ नका, आई तिसरी गोळी विसरली होतीच), शुगरचा अलीकडचा रिपोर्ट न्या, हार्टच्या डॉक्टरांचा नंबर न्या आणि निघायच्या आधी फोन करून लिफ्ट चालू आहे का विचारा. रविवारी बंद.